ढोलीतला कोळी

औषधाच्या दुकानात गोळ्या भरून देतात तेवढी प्लास्टिकची डबी. झाकणाला बारीक भोकं, तळाशी बोटभर ओलसर माती, मातीत उभा खोचलेला सालीचा तुकडा आणि त्या सालीवर पाय पसरून बसलेलं, दोन रुपयांच्या नाण्याएवढं कोळ्याचं पिल्लू. करड्या पायांवर काळसर पट्टे. झाकणावर पेनाने लिहिलेलं नाव: पी. रेगालिस. भाच्याने डबी उजेडाकडे वळवली आणि पिल्लू दिसेनासं झालं. पळताना ते मला दिसलंच नाही. सालीच्या पुढे होतं, आता मागे होतं.

"मामा, हा आपल्याकडचा आहे," भाचा म्हणाला. "तुझ्या त्या फणसावरचा."

हाम हे पश्चिम जर्मनीतलं शहर, डॉर्टमुंडहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर. तिथल्या प्रदर्शनगृहात वर्षातून चार वेळा, मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये, साप, सरडे, बेडूक, विंचू आणि कोळी यांचा बाजार भरतो. या प्रकारच्या बाजारांत तो जगातला सर्वांत मोठ्यांपैकी एक मानला जातो. भाचा डॉर्टमुंडला शिकतो. मी त्याच्याकडे राहायला गेलो होतो आणि त्याने आधीच बजावलं होतं, शनिवारी हामला जायचंय, मला पहिला 'पोकी' घ्यायचाय. पोकी हे पोइसिलोथेरिया या वंशाचं पाळणाऱ्यांमधलं लाडाचं नाव. झाडावर राहणारा, विजेसारखा पळणारा, चावला तर दिवसचे दिवस कळा देणारा टॅरंटुला. युरोप-अमेरिकेत कोळी पाळणाऱ्या माणसाच्या आयुष्यात पहिला पोकी घेण्याचा दिवस मोठा असतो. त्याआधी वर्ष-दोन वर्षं विचार चालतो.

मी सावंतवाडीच्या बाजूचा. त्या लहानग्या डबीकडे बघताना मला जे आठवत होतं, ते आधी सांगतो.

आमच्या वाडीच्या वर देवराई आहे आणि तिच्या कडेला एक जुना फणस. माणसाच्या छातीच्या उंचीवर त्याला ढोली आहे, नारळ आत जाईल एवढ्या तोंडाची. पावसाळ्याच्या एका रात्री बेडूक बघायला म्हणून टॉर्च घेऊन गेलो होतो. उजेड ढोलीच्या कडेवर पडला आणि मला वाटलं, खोडावर दगडफूल चढलंय. राखाडी, पांढुरकं, मधे काळ्या रेघा. मग त्या दगडफुलाला पाय दिसले. माझ्या पूर्ण उघडलेल्या पंजाएवढा कोळी खोडाला चिकटून, डोकं खाली करून बसला होता. मी काडी जवळ नेली. ते करायला नको होतं. त्याने पुढचे चारही पाय वर उचलले आणि खालची बाजू दिसली: हळदीसारखा पिवळाजर्द रंग, त्यावर काळे पट्टे. क्षणभर तसाच राहिला, मग ढोलीत गेला. परत बाहेर आला नाही.

पुढे माहितगारांना फोटो दाखवून नाव कळलं: पोइसिलोथेरिया रेगालिस. पोटाच्या खालच्या बाजूला आडवा फिकट पट्टा असतो, त्यावरून ही जात ओळखतात. ब्रिटिश म्युझियममधले रेजिनल्ड इनिस पोकॉक यांनी 1899 साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. वंशाच्या नावाचा ग्रीक अर्थ 'चित्रविचित्र ठिपक्यांचं जनावर', आणि रेगालिस म्हणजे राजाला शोभेल असा. या वंशाच्या पंधराच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या फक्त भारतात आणि श्रीलंकेत सापडतात. सिंहली माणूस यांना 'दिवि मकुळुवा' म्हणतो, म्हणजे बिबळ्या कोळी. आपल्याकडे एवढ्या देखण्या प्राण्याला वेगळं नाव नाही, आम्ही सगळ्यांना कोळीच म्हणतो, याची मला खंत आहे.

आता हे पाळण्याचं प्रकरण. टॅरंटुलांचे ढोबळ दोन गट पडतात. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर खाजरे केस असतात. धोका वाटला की ते मागच्या पायांनी केस झाडतात. आपल्या कातडीला खाज सुटते, डोळ्यात गेले तर त्रास होतो, पण त्यांचं विष सौम्य असतं. आशिया आणि आफ्रिकेतल्या टॅरंटुलांकडे हे केस नाहीत. त्यांच्याकडे दोनच गोष्टी, वेग आणि दात. त्यातही जमिनीत बीळ करणारे आणि झाडावर राहणारे यांत फरक आहे. बीळवाला घाबरला की खाली जातो, कुठे जाणार ते आपल्याला ठाऊक असतं. झाडावरचा मात्र कुठेही जाऊ शकतो: वर, खाली, काचेवर, चिमट्यावरून थेट मनगटावर. म्हणून नवख्या माणसाला कोणी जाणकार पहिल्याच दिवशी पोकी देत नाही.

भाच्याने वाट नीट धरली होती. आधी दोन वर्षं मार्टिनिक बेटावरचा कॅरिबेना व्हर्सिकलर सांभाळला. तो झाडावरचा, निळ्या पिल्लाचा वाढत वाढत हिरवा-तांबडा होणारा, अंगावर केस असलेला आणि तुलनेने शांत. मग त्रिनिदादचा साल्मोपियस कँब्रिजाय घेतला. हा मधला टप्पा मोठा उपयोगाचा, कारण साल्मोपियस असतो अमेरिकेकडचा, पण त्याला खाजरे केस नसतात आणि पळण्यात तो पोकीच्या तोडीचा. विष मात्र पोकीइतकं जहाल नाही. ज्याच्या हातून साल्मोपियसची पेटी वर्षभर बिनघोर उघडली-मिटली गेली, त्याचा हात तयार झाला असं समजतात. मला ही पद्धत पटली. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना आधी कमरेला सुका भोपळा बांधतात, तसंच हे.

हामच्या त्या टेबलामागे पन्नाशीची एक बाई बसली होती. स्वतः पिल्लं वाढवून विकणारी. समोर शे-दोनशे डब्या ओळीने मांडलेल्या. आमच्या आधी एक तरुण आला आणि त्याने पूर्ण वाढलेली निळी मादी मागितली. बाईने विचारलं, आधी काय पाळलंय? तो म्हणाला, काही नाही. तिने त्याला मेक्सिकोतल्या, जमिनीवर राहणाऱ्या मठ्ठ कोळ्याची डबी दाखवली. तो नाराज होऊन निघून गेला, पण बाईने निळी मादी दिली नाही.

ती निळी मादी म्हणजे पोइसिलोथेरिया मेटालिका, आंध्रातली. तिची गोष्ट सांगायलाच हवी. पोकॉक यांनी 1899 मध्येच तिचंही वर्णन केलं. नमुना मिळाला होता गुत्ती इथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत. मोरपंखी निळा कोळी, त्यावर पांढरी-पिवळी नक्षी. नंतर शंभर वर्षं तो जिवंत कोणाला दिसला नाही. गुत्तीला जंगल नव्हतंच. इंजिनासाठी तोडून आणलेल्या लाकडाबरोबर तो वखारीत आला असावा. 2001 मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, तो पुन्हा सापडला. त्याचं ज्ञात वसतिस्थान शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही कमी. निसर्गसंवर्धनाच्या जागतिक यादीत 2008 पासून तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. आणि पुन्हा सापडल्यानंतर थोड्याच वर्षांत तो युरोप-अमेरिकेतल्या टेबलांवर विकायला आला. मूळ जोड्या त्या एवढ्याशा जंगलातून उचलल्या गेल्या, हे वेगळं सांगायला नको. आज बाजारातली पिल्लं पेटीतच जन्मलेली असतात हे खरं. तरी मला निळा कोळी डबीत बघताना बरं वाटलं नाही.

भाच्याने रेगालिसच का निवडला, याची कारणं त्याच्याकडे तयार होती आणि ती मला सगळी पटली. पहिलं म्हणजे रेगालिसचा वावर पश्चिम घाटात लांबवर आहे, तो एका कोपऱ्यात कोंडलेला नाही. दुसरं, पेटीत त्याची पैदास पिढ्यानपिढ्या सहज होते, त्यामुळे पिल्लं स्वस्त मिळतात आणि झाडावरून पकडून आणलेलं जनावर गळ्यात पडण्याची भीती कमी. तिसरं कारण स्वभावाचं. आफ्रिकेतला स्ट्रोमॅटोपेल्मा किंवा हेटेरोस्कोड्रा हे झाडावरचे कोळी कमालीचे चपळ, आणि डिवचलं की उलटून अंगावर येणारे. रेगालिस आधी लपतो. लपायला जागा असेल तर तो लपेल, नसेल तर पळेल, आणि पळायलाही वाट नसेल तरच पाय वर करेल. चावणं शेवटी. माझ्या फणसावरच्या कोळ्याने नेमकं हेच केलं होतं. त्याच्याजवळ ढोली होती म्हणून माझा हात वाचला.

आणि चौथी गोष्ट, जी त्या बाईने सांगितली: मोठी मादी घेऊ नका, पिल्लू घ्या. पिल्लू वाढेल तसा तुमचा हातही वाढेल. दोन सेंटिमीटरचा कोळी निसटला तर तो शोधायला रात्र जाईल. अठरा सेंटिमीटरचा निसटला तर काय होईल ते वेगळं. पोकी भराभर वाढतात. नर वर्ष-दीड वर्षात वयात येतो आणि पुढे फार जगत नाही. मादी दहा-बारा वर्षं सोबत करते. म्हणजे डबी घेताना आपण एका तपाचा शब्द देतोय, हे ध्यानात ठेवावं.

बाईने डबीबरोबर एक कागद दिला. पिल्लू कुठे, कोणाकडे जन्मलं याचा दाखला. ही सक्ती नवी आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला झालेल्या सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिषदेत अख्खा पोइसिलोथेरिया वंश दुसऱ्या परिशिष्टात घातला गेला, आणि त्या नोव्हेंबरपासून या कोळ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागू लागला. युरोपात हा कोळी पाळणाऱ्याला तो वैध मार्गाने आल्याचा पुरावा ठेवावा लागतो. अमेरिकेने त्याआधी, 2018 मध्ये, श्रीलंकेतल्या पाच जाती आपल्या संकटग्रस्तांच्या कायद्याखाली आणल्या होत्या. दाखला न देणाऱ्याकडून घ्यायचं नाही, एवढं साधं आहे.

घरी गेल्यावर पिल्लू मोठ्या डबीत हलवायचं होतं. हा प्रसंग मी जवळून पाहिला. पाळणारे सगळेच सांगतात की अपघात खाऊ घालताना कमी आणि घर बदलताना जास्त होतात. भाच्याने न्हाणीघर निवडलं. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला, पाणी जायच्या भोकाला बूच लावलं. मोठा पारदर्शक टब मधे ठेवला आणि नवी डबी, जुनी डबी, एक रिकामा प्लास्टिकचा पेला, चित्रकलेचा मऊ ब्रश, सगळं टबातच मांडलं. हातभर लांब चिमटा. मनगटावर सैल बाही नाही, अंगठी नाही. मग दोन मिनिटं नुसता बसून राहिला. मी विचारलं, "कशाची वाट बघतोयस?" म्हणाला, "माझा श्वास जागेवर यायची. घाईत उघडायचं नाही."

झाकण निघालं. पिल्लू सालीमागे. ब्रशाच्या टोकाने मागचा पाय हलकेच स्पर्शला. काही नाही. दुसऱ्यांदा स्पर्शला आणि टबाच्या भिंतीवरून एक राखाडी रेघ फिरली, एक वेढा, दुसरा वेढा, आणि कोपऱ्यात थांबली. एवढ्या वेळात भाच्याचा हात जागचा हलला नव्हता. पाठलाग करायचा नाही, हाच खरा धडा. कोळी दमतो, थांबतो. थांबला की वरून पेला ठेवायचा, खालून कार्ड सरकवायचं. तसंच झालं. नव्या डबीत कॉर्कच्या सालीची उभी नळी होती. पेल्याचं तोंड तिच्याशी लावलं तसं पिल्लू आपणहून नळीत शिरलं. अंधार दिसला की ते जातंच.

नंतर चहा पिताना भाच्याने बाकीचं सांगितलं. पेटी उभट हवी, समोरून किंवा बाजूने उघडणारी, म्हणजे वर बसलेल्या कोळ्याच्या डोक्यावर आपला हात येत नाही. नळी उभी, तिचं खालचं टोक मातीत. पिल्लू मातीचे कण रेशमात गुंफून नळीच्या तोंडाशी पडदा करतं, तो मोडायचा नाही. हवा खेळती हवी. दमट करायच्या नादात बंद पेटीत कोळी मरतात. पाण्याची वाटी कायम. आठवड्यातून एकदा-दोनदा लहानसा नाकतोडा किंवा झुरळ, तेही बाहेरून पकडलेलं नाही. कात टाकताना कोळी उताणा पडतो, मेला समजून त्याला हलवायचं नाही, आणि पेटीत जिवंत किडा राहू द्यायचा नाही, कारण कात टाकलेल्या मऊ अंगाला तो किडा कुरतडू शकतो. आणि कोळी नेमका कुठे बसलाय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दार उघडायचं नाही, कधीच नाही. हातावर घेऊन फोटो काढायचा प्रश्नच नाही. पोकी हाताळायचा प्राणी नाही. ज्याला हातावर घ्यायचाय त्याने पोकी घेऊ नये, यावर माझं आणि भाच्याचं पूर्ण एकमत झालं.

चावल्यास काय होतं? या कोळ्याच्या विषाने माणूस मेल्याची नोंद नाही. म्हणून काही जण हलकं घेतात, ते चूक आहे. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये अशा चाव्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या. निम्म्याहून अधिक लोकांना स्नायूंचे जबर पेटके आले होते, आणि ते लगेच नाही, सरासरी दहा तासांनी. म्हणजे दुपारी चावला, थोडी आग होऊन थांबली, माणूस बिनधास्त झोपला आणि मध्यरात्री पोटऱ्या दगडासारख्या आवळल्या. काहींना असे पेटके पुढे कितीतरी दिवस अधूनमधून येत राहतात. याच्यावर प्रतिविष नाही. वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारी औषधं, एवढेच उपचार. भाच्याने फ्रिजवर कागद लावलाय: कोळ्याचं शास्त्रीय नाव, विषबाधा मदतकेंद्राचा नंबर आणि शेजाऱ्याचा नंबर. एकटा राहणाऱ्याला तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

परत आल्यावर हे सगळं आमच्याकडच्या मुलांना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले आणि पहिला प्रश्न आला, आपण पण पाळू शकतो का? उत्तर स्पष्ट द्यावं लागलं: नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. सायटिसच्या याद्यांतले प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. पोस्टाने मागवण्याचा विचार तर कोणी करूच नये. 2021 च्या जुलैमध्ये चेन्नईच्या कस्टम्सने पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. त्यात चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या लहान लहान कुप्यांत 107 जिवंत कोळी होते. ते परत पोलंडला धाडायचं ठरलं. ज्यांचं अर्धं आयुष्य असं कुप्यांत जातं, त्यांच्यासाठी हा छंद नाही.

पण मुलांना मी नुसतं 'नाही' सांगून थांबलो नाही. भाच्याने एका कोळ्यासाठी केवढा खटाटोप केला: उभी नळी, अंधार, खेळती हवा, पायथ्याला ओल, त्रास न देणारा शेजारी. तो खटाटोप म्हणजे माझ्या फणसाची नक्कल होती. इथे तो फणस आहे. आमच्या मुलांना दाखला, पेटी, नाकतोडे काही लागत नाही. पाच-सहा पावलं लांब उभं राहायचं, टॉर्चला लाल कागद लावायचा, काडी खुपसायची नाही. मागच्या पावसाळ्यात एका रात्री ढोलीच्या तोंडाशी मादी आणि तिच्याभोवती बोटाच्या पेराएवढी पिल्लं बसलेली आम्ही पाहिली. या वंशाची पिल्लं काही काळ आईबरोबर एकाच ढोलीत राहतात, हे इतर टॅरंटुलांत सहसा बघायला मिळत नाही. सातवीतली एक मुलगी मोजत होती. एकवीसपर्यंत आली आणि तेवढ्यात सगळी आत गेली.

आणि महाराष्ट्रात बघण्यासारखं काय काय आहे याचा आपल्याला पत्ता नसतो. मुंबईत, आरे वसाहतीच्या झाडीत, जमिनीत राहणाऱ्या टॅरंटुलाची एक नवी जात झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी 2014 मध्ये जगासमोर मांडली. तिच्या नावातच आरे आहे: हेटेरोफ्रिक्टस आरेएन्सिस. कोट्यवधींच्या वस्तीला खेटून एवढा मोठा कोळी राहत होता आणि त्याला नाव मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

झाडावरच्या कोळ्याला मात्र झाड लागतं, आणि कोणतंही नाही. तरणंताठं सरळ खोड त्याच्या कामाचं नाही. फांदी मोडून कुजलेली, सुतार पक्ष्याने पोखरलेली, आतून पोकळ झालेली खोडं त्याला लागतात. नेमकी हीच झाडं आपण आधी तोडतो. 'निकामी झालंय, पडेल' म्हणून. काजूची लागवड करताना, रस्ता रुंद करताना, देवळाचा सभामंडप वाढवताना पहिला घाव पोकळ आंब्यावर, पोकळ ऐनावर पडतो. त्या ढोलीत पोपट असतात, घुबड असतं, पाली असतात आणि हा राजा असतो. नवं रोप लावलं म्हणून ढोली मिळत नाही. ढोली व्हायला पन्नास-पाऊणशे वर्षं जातात.

म्हणून कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या वाचकांना दोनच गोष्टी सांगतो. घरावर पडण्याचा धोका नसेल तर पोकळ झाड उभं राहू द्या; सुकलं तरी राहू द्या. आणि रात्री घराच्या भिंतीवर पंजाएवढा पट्टेरी कोळी दिसला तर झाडू उचलू नका, हातही लावू नका. लहान मुलांना बाजूला घ्या, दिवा मालवा, दार उघडं ठेवा. बाहेर अंधार आणि झाड असेल तर तो आपणहून निघून जातो.